सांगोवांगीचं औषध

दुधनीच्या नारायण डॉक्टरांच्या दवाखान्यात बाईमाणूस कधी येत नसे. यायची ती बाटली. दुखणं घरातल्या बाईला, पण दवाखान्यात जायचा तिचा नवरा नाहीतर सासरा, रिकामी बाटली काखेत मारून. पडवीतल्या बाकावर बसून पाळी येईपर्यंत तंबाखू मळायची, आणि पाळी आली की उंबऱ्यापाशी उभं राहून आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगायचं, "घरात बरं न्हाय."

"ताप?" डॉक्टर विचारायचे.

"हाय."

"खोकला?"

"असंल की."

मग सिद्धाराम कंपाउंडर बाटलीत लाल नाहीतर पिवळं औषध भरायचा, एका वेळेला किती प्यायचं त्याच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवायचा, आणि झाली तपासणी. बाई उठून चुलीपाशी बसली तर डॉक्टरांचा हातगुण, नाही उठली तर तिचं प्राक्तन. हात न लावता हातगुण कसला आलाय डोंबलाचा, हे कुणाच्या मनात येत नव्हतं. सगळा मुलूख असंच वागत होता, आणि वेडेपणा सगळ्यांनी मिळून केला की त्याला रीत म्हणतात.

मायाक्काच्याही मनात ते आलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तिला देवी करून बसवायची नाही. तिसरी बाटली येईपर्यंत तीही गप्पच होती.

ही सन चौतीसच्या फाल्गुनातली गोष्ट. मायाक्काचा नवरा तात्याबा हा मूळचा मंगळवेढ्याकडचा धनगर. दीडशे मेंढरं, दोन तट्टं आणि पाल घेऊन मुलुखभर फिरणारा. त्या साली त्यांचा तळ दुधनीच्या शिवेवर विरुपाक्षअप्पांच्या काळ्या रानात पडला होता. ज्वारी निघाली होती, रान मोकळं होतं. रात्रभर मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि त्याबदली रानमालकानं धनगराला दाणे द्यायचे, हा वाडवडिलांपासूनचा व्यवहार. तळावर तात्याबा, मायाक्का, त्यांचा लेक धुळा आणि धुळाची बायको अंबू. अंबू म्हणजे मायाक्काच्या सख्ख्या भावाची लेक. भावानं पोर देताना एवढंच म्हटलं होतं, "अक्का, तुझ्या पदरात टाकतोय." दीड महिन्यामागं ती बाळंत झाली होती.

अंबूला ताप भरला. धुळा बाटली घेऊन गेला. दोन दिवसांनी दुसरी आणली. मग तिसरी, ती तर एवढी कडू की अंबूनं ओकून टाकली. अंबू दिवसभर कुशीवर पडून असायची आणि लेकरू रडायचं. बाळंतीण आहे, वारं लागलं असेल, असं म्हणून मायाक्कानं शेपाची धुरी दिली. आठव्या दिवशी तिनं लेकरू उचलून अंबूच्या अंगावर पाजायला लावलं, तशी अंबू अशी ओरडली की दोरीच्या जाळीतली मेंढरं उठून उभी राहिली. मायाक्कानं तिच्या पदराखाली हात घातला. डावं थान दगडासारखं झालं होतं, आणि तापलं होतं इतकं की वर हात ठेववेना.

मायाक्काचा जन्म मेंढरांत गेलेला. व्यालेल्या मेंढीची कास अशी झाली म्हणजे आत पू धरला, आणि वेळेवर चीर दिली नाही तर मेंढी हातची जाते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती पालातून बाहेर आली.

"धुळ्या, डाक्तराला काय सांगितलंस?"

"ताप हाय म्हनलं की."

"अन् थानाचं?"

धुळा काठीनं माती उकरायला लागला. "तितं धा-पंधरा गडी बसल्यालं असत्यात, आये. त्येंच्या म्होरं बायकूचं असलं कसं सांगायचं?"

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"तिनं सांगितलं हुतं."

आता काय म्हणावं या गड्याला. बायकोच्या जिवावर बेतलं होतं आणि हा तिकडं लाजत बसला होता. मायाक्कानं पायातलं पायताण काढलं, मग परत घातलं, कारण दोष एकट्या धुळाचा नव्हता आणि मारायला बसलं तर रांग लांबली असती. आठवडाभर अंबूनं भलत्याच दुखण्याचं औषध पोटात घेतलं होतं, तेही नेमानं, खाचेबरहुकूम.

तात्याबा तिथंच चिलीम ओढत होता. तो म्हणाला, "तूच दे की चीर. मेंढ्यांना देतीस न्हवं?"

"गेल्या साली दिली हुती," मायाक्का म्हणाली. "तिसऱ्या दिशी मेली ती मेंढी. माझ्या भावाच्या लेकीवर मी हात शिकायचा व्हय?"

असं म्हणून तिनं डोईवर पदर घेतला आणि गावाची वाट धरली. तात्याबा मागून काहीतरी बोलला. तिनं ऐकलं, पण थांबली नाही.

पडवीत नेहमीसारखे गडी बसले होते. बाई आत शिरताना बघून सिद्धाराम दारात आडवा झाला. हा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा माणूस, मराठी बोलताना प्रत्येक शब्द जोखून टाकायचा. "ए बाई, कुठं चालली? गड्याला पाठव. बाटली आणली काय?"

"बाटल्या तीन झाल्या. त्या पिऊन पोर मराया लागली. सर बाजूला."

ती सरळ आत गेली. नारायण डॉक्टर टेबलामागं बसले होते. पन्नाशीचे, गोरे, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. माणूस वाईट नव्हता, बरं का. पटकीच्या साथीत गावोगाव हिंडून विहिरींत औषध टाकणारा हाच. त्यांनी मान वर केली आणि सवयीनं तिच्या मागं तिचा कुणी गडी दिसतो का ते बघितलं.

मायाक्का म्हणाली, "माझ्या सुनेचं थान पिकलंय. पू धरलाय. ताप त्येचाच हाय, दुसरा कशाचा न्हाय."

पडवीतल्या गड्यांना एकाएकी आढ्याचे वासे बघावेसे वाटायला लागले. एकजण खोकला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी आधी का न्हाय बघितलं?"

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की गरम पाण्यात बोरिक घालून शेक द्या, आणि उद्याच्या गाडीनं सोलापूरला न्या. तिथं मोठ्या इस्पितळात नर्सबाया असतात. त्या बघतील, लागलं तर चीर देतील.

"तिला उठून बसवत न्हाय. दोन-तीन तास आगगाडीच्या दाटीत धक्के खात जाईल का ती? अर्ध्या कोसावर तळ हाय माझा. तुमी चला."

"मी बाईमाणसाला हात लावत नाही."

"का?"

असं का म्हणून त्यांना दुधनीत कुणी विचारलं नव्हतं. बहुतेक त्यामुळेच त्यांनी खरं सांगितलं. सहा वर्षांमागं एका मोठ्या घरातल्या बाईच्या पोटाला त्यांनी हात लावून बघितलं होतं. ती बरीही झाली. पण दुसऱ्या दिवशी तिचे दीर काठ्या घेऊन आले, औषधाचं कपाट फोडलं, आणि भर रस्त्यात नको ते बोलले. "तेव्हापासून हे बंद. तुझे लोक आज पाया पडतील आणि उद्या काठ्या घेऊन येतील. मला गावात राहायचं आहे."

"कपाट फुटलं म्हनून तुमी समद्या बायका सोडल्या?" मायाक्का म्हणाली. "तुमच्या घरची आजारी पडली तर तिला बी दारातनंच इचारता काय, ताप हाय का, खोकला हाय का?"

डॉक्टर लालेलाल झाले. "सिद्धाराम, बोरिकची पुडी दे यांना," एवढंच म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मायाक्कानं पुडी घेतली. ती काही मूर्ख नव्हती, शेक तर शेक. तळावर येऊन रात्री झोप येईपर्यंत तिनं शेकलं. अंबू दात आवळून पडून होती. लेकराला शेळीचं दूध वातीनं पाजलं. पहाटे ताप आणखी चढला आणि अंबू बरळायला लागली. थानाच्या कडेला कातडं निळं पडलं होतं.

तात्याबाला तिनं सांगितलं, हिला दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरकडून चीर द्यायची.

"परका गडी हात लावनार?" तात्याबा म्हणाला. "अन् मी बघत बसू? उद्या चार तळांवर तोंड कसं दावायचं? देवाचा भंडारा लावू, उतरंल."

"भंडारा बी लावलाय. पू भंडाऱ्यानं निघत न्हाय."

"मी न्हाय म्हनलं, म्हंजी न्हाय." एवढं बोलून तात्याबा डोक्याला पटका गुंडाळून विरुपाक्षअप्पांकडे दाणे आणायला निघून गेला. घरातला वाद जिंकायचा पुरुषांचा हा जुना उपाय. शेवटचा शब्द आपण बोलायचा आणि लगेच तिथून उठायचं.

मायाक्का जागच्या जागी उभी होती. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. नवऱ्याची नाही, अंबू मरेल याची. सोलापूर लांब, डॉक्टर भित्रा, नवरा हट्टी, लेक लाजरा, आणि या सगळ्यांच्या मधोमध पोर जळत पडलेली. त्या भीतीचाच तिला राग आला. तिनं जाळीची गाठ सोडली.

"आये, काय कराया लागलीस?" धुळा म्हणाला.

"तू अंबूला पाठीवर घे. घोंगडीत गुंडाळ अन् हळू चाल, धक्का लागला तर बघ. लाज वाटत असंल तर डोळं मिटून चाल."

धुळानं हातातली काठी टाकली. त्यानं अंबूला पाठीवर घेतलं. पुढं तो, मागं दीडशे मेंढरं, आणि सगळ्यांच्या मागं कडेवर लेकरू घेतलेली मायाक्का, अशी ती वरात दुधनीत शिरली. बाजारचा दिवस होता. लोक पाट्या उचलून बाजूला झाले.

डॉक्टरांच्या दवाखान्याला पुढं अंगण होतं, दगडी कुंपणाचं, झाडून सारवून ठेवलेलं. मायाक्कानं जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि सगळा कळप आत घातला. अंगण भरलं. पायऱ्या भरल्या. दहा-बारा मेंढरं पडवीत चढली, तसे बाकावरचे गडी पाय वर घेऊन बसले. एका मेंढीनं कुणाच्या तरी हातातलं वर्तमानपत्र खायला घेतलं. सिद्धाराम फडकं हलवत कानडीत ओरडायला लागला, "नडी, नडी," म्हणजे चला, निघा. मंगळवेढ्याच्या मेंढरांना कानडी कुठून कळणार. ती त्याच्याकडे बघत रवंथ करत राहिली.

डॉक्टर बाहेर आले. "हा काय प्रकार आहे?"

"मेंढरं बसवलीत," मायाक्का म्हणाली. "आमच्यात रीत हाय. ज्येच्या जागंत मेंढरं बसली त्येनं धनगराला दाणं द्यायचं. मला दाणं नकोत. माझ्या सुनेला हात लावून बघा, तेवढं झालं की उठवते."

"मी फौजदाराला बोलावतो."

"बोलवा की. त्येच्या बायकूची बी बाटलीच येती न्हवं का हितं? तिला काय हुतंय ते तुमाला तरी ठावं हाय का?"

बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. धुळानं अंबूला पडवीच्या कडेला खाली ठेवलं. तिचं तोंड सुकून एवढंसं झालं होतं. डॉक्टरांची नजर तिच्याकडे गेली आणि तिथंच राहिली. त्या क्षणी बहुतेक ते आत घ्या म्हणाले असते. पण तेवढ्यात कुंपणाबाहेर गलका झाला आणि तात्याबा मेंढरांतून वाट काढत आला. कुणीतरी त्याला अप्पांकडे जाऊन सांगितलं होतं. हातात काठी होती.

"बघ," डॉक्टर मागं सरून म्हणाले. "मी सांगितलं होतं ना? आली काठी."

आता मात्र मायाक्काच्या अंगाची लाही झाली. लेकरू तिनं धुळाच्या हातात दिलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, एवढी जवळ की काठी उगारायलाच जागा राहिली नाही.

"मारायचं तर मला मारा, समद्या गावाच्या म्होरं. पर त्येच्या आदी एक ठरवा. ही आज मेली तर माझ्या भावाला सांगाया कोन जानार? मी न्हाय जानार. तुमी जायाचं. त्येच्या दारात उबं ऱ्हायाचं अन् सांगायचं, दाजी आलोय, तुमची लेक घालवली पर लाज राखली. जमंल का हे बोलाया? जमत असंल तर आता हितंच बोलून दावा, मला ऐकू द्या."

तात्याबानं तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. हा माणूस मनानं काळा नव्हता. अंबूला त्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. त्यानं अंबूकडे बघितलं, आणि काठी कुंपणाला टेकवून ठेवली.

"मी काय करू?" तो म्हणाला. विचारणं डॉक्टरांना होतं.

आता डॉक्टरांना काठीचं निमित्त राहिलं नव्हतं. ते तरीही उभेच. मायाक्का पायरी चढून त्यांच्याजवळ गेली. ते हळू आवाजात, तिला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सहा वर्षांत मी सुरी धरलेली नाही. सगळं सोलापूरला पाठवत आलो. माझा हात..."

"माझा बी हात भिला," मायाक्का म्हणाली. "पर मला कुनी शिकवलं न्हवतं. तुमाला शिकवलंय. भीत भीतच द्या, पर चीर द्या."

डॉक्टरांनी बाह्या मागं सारल्या. "सिद्धाराम, पाणी उकळायला ठेव. सुरी आणि चिमटा त्यात टाक. हात धुवायला कार्बोलिक काढ. आणि बाबा, तू आत ये. हे भांडं धरायचं, काही झालं तरी हलायचं नाही."

बाजारात बोरं विकायला बसलेली केराबाई कधीची कुंपणातून डोकावत होती. मायाक्कानं तिला आत ओढलं. दोघींनी घोंगडीची दोन टोकं धरून आडपडदा केला. पडद्याआड डॉक्टर, सिद्धाराम, आत आणून निजवलेली अंबू आणि भांडं धरलेला तात्याबा. तात्याबानं मान अशी वळवली होती की ती मोडेल असं वाटत होतं.

"सूज केव्हापासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार दिस झालं असत्याल," तात्याबा भिंतीकडे बघत म्हणाला.

"आठ दिस," मायाक्का पडद्यावरून म्हणाली. "चार कुटलं."

डॉक्टरांनी हात लावला. आधी बोटांच्या टोकांनी, मग तळव्यानं, सगळीकडून. बराच वेळ त्यांनी बघितलं. कपाळावरून घाम चष्म्यात उतरला तो सिद्धारामनं पुसला. मग म्हणाले, "पोरी, दुखेल. दात घट्ट धर." अंबूनं घोंगडीचं टोक तोंडात घेतलं. सुरी आत गेली ती सरळ गेली. पू असा आला की तात्याबाच्या हातातलं भांडं अर्ध्यावर भरलं. अंबू एकदाच हंबरली आणि मग तिचं अंग सैल पडलं. तात्याबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात भांड्याला गुंतल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. भांडं मात्र त्यानं हलू दिलं नाही.

"जगंल न्हवं?" मायाक्कानं विचारलं.

"रोज मलमपट्टीला आणायची," डॉक्टर म्हणाले. "रोज. बाटली नाही, हिला आणायची." ते हात धुवायला वळले. मायाक्कानं मेंढरं उठवली. अंगणभर लेंड्या राहिल्या, त्या सिद्धारामनं डॉक्टरांच्या लिंबाच्या आळ्यात भरल्या, चरफडत का होईना.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी अंबू धुळाचा हात धरून, पण आपल्या पायांनी चालत आली. तात्याबा मागं लेकरू घेऊन, आणि मायाक्का पुढं, छाती काढून. का नाही काढणार? गावात तिचं नाव झालं होतं. बायका तिला थांबवून विचारायच्या आणि ती सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची, दर वेळी मेंढरं थोडी वाढायची. त्या दिवशी पडवीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून दोन बायका बसल्या होत्या. नवरे बरोबर होते, पण बायका स्वतः आल्या होत्या. मायाक्कानं ते बघितलं आणि तिला लई बरं वाटलं.

डॉक्टर आता घोंगडीऐवजी स्वतःच्या घरातलं लुगडं दोरीवर टाकून पडदा करत होते. त्यांनी अंबूला सासू-सासऱ्यांसकट आत घेतलं, आणि बघा सवय कशी असते, पट्टी सोडायच्या आधी ते तात्याबाकडे वळून म्हणाले, "काय म्हणतंय हिचं?"

"बेस हाय की," तात्याबा म्हणाला.

"ताप न्हाय, भाकर खाती, ठनका बी ऱ्हायला न्हाय," मायाक्कानं भरभर सांगितलं. "आठ दिसाचं दुखनं, चार दिसांत..."

"अकरा," अंबू म्हणाली.

तिचा आवाज दवाखान्यात कुणी ऐकलाच नव्हता. ओरडणं, बरळणं आणि हंबरणं सोडलं तर आठवडाभरात तळावरही कुणी ऐकला नव्हता.

"आठ न्हाय. चीर दिली त्या दिशी अकरा झालं हुतं. पयल्याच दिशी मी आमच्या ह्येंला सांगितलं हुतं. अन् ठनका ऱ्हायला न्हाय असं कोन म्हनतं? ह्या बाजूचा ऱ्हायला न्हाय. कालधरनं दुसऱ्या बाजूला गाठ आलीया. सुपारीयेवढी. मला कुनी इचारलंच न्हाय."

"अगं, मग मला सांगायचं की," मायाक्का म्हणाली. "मी सांगितलं असतं डाक्तराला."

"आत्या, तुमी लई केलं माझ्यासाठी. तुमी नसता तर मी मेली असती." अंबूनं मान खाली घातली नाही. "पर आता तुमी भायेर बसा. मामा, तुमी बी. दुखतंय ते मला, मी सांगते."

मायाक्काला ते लागलं. लागणारच. सासू म्हणून लागलं, आत्या म्हणून त्याहून जास्त. ज्या पोरीसाठी दीडशे मेंढरं गावातून घातली, ती पोर तिलाच बाहेर काढत होती, तेही दहा माणसांच्या देखत. तिच्या तोंडात एक सणसणीत शब्द आला होता. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. ते तात्याबाकडे पाठ करून अंबूच्या समोर स्टुलावर बसले होते आणि विचारत होते, "कालपासून म्हणजे सकाळपासून की रात्रीपासून?" आणि अंबू बोट लावून, नीट आठवून सांगत होती.

मायाक्कानं तोंडातला शब्द गिळला. तात्याबाला दंडाला धरून तिनं बाहेर आणलं आणि पायरीवर बसली, गड्यांच्या रांगेत, खुशाल. अर्ध्या घटकेनं डॉक्टर आतून म्हणाले की गाठ कोवळी आहे, शेकानं जिरेल, वेळेवर कळलं. मायाक्कानं पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. सिद्धाराम बाटल्या घेऊन बाहेर आला. नवी पट्टी चिकटवता चिकटवता त्यानं विचारलं, "काय म्हणते सून? बरं हाय काय आता?"

"मला काय इचारतोस?" मायाक्का म्हणाली. "आत हाय ती. तिला इचार."